डिस्टोपिया लिहायचाय? मग आधी रेशनच्या लाइनीत उभे राहा

मी पहिली डिस्टोपियन गोष्ट, म्हणजे बिघडलेल्या, भयाण भविष्याची गोष्ट, लिहिली ना, तेव्हा त्यात सगळा मसाला होता. काचेचा घुमट, घुमटाच्या आत चकाचक शहर, प्रत्येकाच्या मनगटात चिप, डोक्यावर ड्रोन, आणि घुमटाबाहेर उजाड माळावर राहणारे 'बाहेरचे', जे फाटक्या कपड्यात शेकोटीभोवती बसतात, गाणी म्हणतात आणि एकदम मोकळं वगैरे जगतात. हीरो आतला, हिरोइन बाहेरची, पुढचं तुम्हाला कळलंच असेल. मित्राला वाचायला दिली. त्याने चहा संपेपर्यंत वाचून काढली आणि एकच विचारलं, "तुझ्या या शहरात सकाळी दूध कोण टाकतं रे?"

मी म्हटलं रोबो. तो म्हणाला, "बरं. आणि ड्रेनेज तुंबलं की?" मी परत रोबोच म्हणालो, पण आता माझा मलाच आवाज बारीक वाटला.

तर हे खालचं सगळं म्हणजे त्यानंतर चार-पाच वर्षं गोष्टी लिहून, फाडून, दिवाळी अंकांकडून साभार परत घेऊन जे कळलं ते आहे. याच क्रमाने करा असं काही नाही, पण नकाशाचा मुद्दा मात्र सोडू नका, कारण तो चुकला की पुढचं सगळं चुकतं, माझं तिथेच चुकलं होतं.

नकाशा म्हणजे काय, तर आपण सगळेच तो असा काढतो की आतल्यांवर नजर आणि बाहेरचे मोकळे. दिसायला भारी वाटतं, पण खऱ्या जगात बघायला गेलं तर बाहेर काढलेल्या माणसावरच नजर जास्त असते. लांब कशाला जायचं, सोलापूरला जाऊ. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला, सुरुवात उत्तरेकडे झाली आणि १९११ च्या कायद्याने तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात आला. आपल्याकडे पारधी, कैकाडी, भामटे अशा जमातींमध्ये जन्माला आलात की तुम्ही जन्मतःच संशयित. नाव रजिस्टरमध्ये, बोटांचे ठसे घेतलेले, घर बदलायचं तर पोलिसांना आधी सांगायचं, ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, आणि कायद्यात अशीही तरतूद की मुलांना आईबापांपासून काढून वेगळ्या शाळेत ठेवता येईल. सोलापूरला तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती, म्हणजे या लोकांना डांबून ठेवायची वसाहत. तिथली माणसं कापडाच्या गिरण्यांत कामाला जायची आणि परत कुंपणात यायची. म्हणजे बघा, गिरणीला माणूस हवाय, गावाला नकोय. हा कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला, देश स्वतंत्र झाल्यावर ५ वर्षं १६ दिवसांनी, म्हणून त्या लोकांना विमुक्त म्हणतात आणि ३१ ऑगस्टला विमुक्त दिन असतो. सोलापुरात आजही लोक पत्त्यात 'सेटलमेंट फ्री कॉलनी' लिहितात. तुरुंगाच्या नावात फ्री शब्द आलाय, असलं नाव मला तरी टेबलाशी बसून सुचलं नसतं.

आता याच काळात सोलापुरातल्या एखाद्या पेठेत राहणाऱ्या साध्या कारकुनाचे ठसे कोणी मागत होतं का? नाही. तो आतला. त्याला कोणी विचारत नव्हतं तू रात्री कुठे होतास. तर तुमच्या गोष्टीतल्या बाहेरच्याला शेकोटीभोवती गाणी म्हणायला लावायच्या आधी हे ठरवा की त्याची हजेरी किती वाजता असते आणि कोण घेतं. मराठीत यासाठी शब्द तयारच आहेत, 'गावकुसाबाहेर' हा एकच शब्द घ्या, बाहेर राहायचं पण गावापासून लांब जायचं नाही, कारण गावाची कामं करायची आहेत. एका शब्दात सगळी व्यवस्था आली.

हे पटलं असेल तर भिंत विसरा आणि रजिस्टर निवडा. सिरीयसली, भिंतीवर एक पॅरा पुरे, रजिस्टरवर मात्र वेळ घालवा. त्यात कशाची नोंद होते, कोण लिहितं, चूक झाली तर खोडतं कोण, कॉपी कुणाकडे असते, किती वर्षं ठेवतात. आणि ते सुरू कसं झालं हे जरूर शोधा, कारण असल्या गोष्टी कधीच "चला आता लोकांवर पाळत ठेवूया" म्हणून सुरू होत नाहीत, सोयीसाठी सुरू होतात. बोटांच्या ठशांचंच घ्या. १८५८ मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या मालाचं कंत्राट देताना कंत्राटदाराच्या अख्ख्या पंजाचा ठसा कागदावर घेतला, का तर उद्या हा म्हणायला नको की सही माझी नाही. बस, एवढंच. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचा ब्युरो उघडला, जगातला पहिला, ठशांच्या वर्गीकरणाचं डोकेफोडीचं काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी केलं आणि पद्धतीला नाव मात्र लागलं साहेबाचं, हेन्री सिस्टीम. एका कंत्राटापासून चाळीस वर्षांत इथपर्यंत, आणि मग हेच ठसे सेटलमेंटच्या रजिस्टरात. तुमच्या गोष्टीतल्या मशीनलाही असा एक निरागस जन्म द्या, वाचकाने म्हटलं पाहिजे की अरे हे तर मी पण मान्य केलं असतं.

आपल्या महाराष्ट्राचा यात मोठा वाटा आहे हे किती जणांना लक्षात असतं माहीत नाही, पण देशातलं पहिलं आधार कार्ड नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं, २९ सप्टेंबर २०१० ला. बारा आकडे, त्यातला शेवटचा आकडा आधीचे अकरा बरोबर आहेत का हे तपासायला. मी काही आधारविरोधी मोर्चा काढत नाहीये, माझं बँक खातं, सिमकार्ड सगळं त्यावरच चालतंय. पण लिहिणाऱ्याने बघायचं काय, तर मशीन चालतं तेव्हा काही गोष्ट होत नाही, गोष्ट होते ते बंद पडतं तेव्हा.

आमच्या आज्जीबरोबर मी एकदा गावी रेशनच्या दुकानात गेलो होतो. लाइन होती, ऊन होतं, आज्जीने पिशवी डोक्यावर घेतलेली. नंबर आला, दुकानदाराने ई-पॉस मशीन पुढे केलं. आज्जीने अंगठा ठेवला, मशीन टूं करून नाही म्हणालं. तिने पदराला पुसून परत ठेवला. नाही. मग मागची एक बाई म्हणाली, "केसाला घासा म्हणजे तेल लागतं," तर आज्जीने अंगठा केसात फिरवून परत ठेवला. नाही. मग दुसरं बोट, मग डावा हात, दहाच्या दहा बोटं झाली. पन्नास वर्षं खुरपं धरलेला हात, त्यावर रेघा उरल्यात कुठे. शेवटी आज्जी मशीनकडे बघून म्हणाली, "अरे मीच हाय की." दुकानदार तिला चाळीस वर्षं ओळखतो, माझ्या वडिलांच्या वर्गात होता तो, पण तो म्हणाला, "मावशी, मी ओळखून काय उपयोग, त्याने ओळखलं पाहिजे ना. उद्या या." आणि खरंच वाईट चेहरा करून म्हणाला हां, उर्मटपणे नाही.

डिस्टोपियातला सगळ्यात भीतीदायक डायलॉग मला विचाराल तर हा आहे, उद्या या. बंदूक नाही, ड्रोन नाही, लाल डोळ्याचा हुकूमशहा नाही. त्या दुकानात कोणीच व्हिलन नव्हतं. तुमच्या गोष्टीतून व्हिलन काढून टाका आणि त्याच्या जागी एक दमलेला कारकून बसवा, ज्याला तुमच्या हीरोबद्दल वाईट वाटतं आणि तरीही तो बटण दाबू शकत नाही कारण स्क्रीनवर ते बटणच नाहीये. (आज्जीचं धान्य चौथ्या दिवशी मिळालं, काकाच्या अंगठ्यावर. काकाचं नाव कार्डात होतं म्हणून.)

आता माझ्या मित्राच्या दुधाकडे येऊ. बाहेरचा रोज आत येतो, हे पक्कं धरून चाला. तो आला नाही तर शहर दोन दिवसांत घाण मारायला लागेल. म्हणून तो कसा येतो यावर पानंच्या पानं लिहिता येतात आणि तिथेच तुमचं जग खरं वाटायला लागतं. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या काळात काळ्या माणसाला शहरात पासबुक बाळगावं लागायचं, लोक त्याला डोमपास म्हणायचे, वेड्याचा पास, आणि परवानगी नसेल तर ७२ तासांच्या वर शहरात थांबता येत नसे. याची गंमत, म्हणजे गंमत कसली, १९५२ मध्ये सगळे जुने पास मिळून हे एकच जाडजूड पुस्तक करणारा जो कायदा आला त्याच्या नावातच पास 'रद्द' करणे असे शब्द होते. १९६० मध्ये शार्पव्हिलला पासविरोधी निदर्शनांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, ६९ माणसं गेली, आणि पासचे कायदे जायला १९८६ उजाडलं. सोव्हिएत रशियातला प्रकार वेगळा, तुरुंगातून सुटलेल्या बऱ्याच जणांना मोठ्या शहरांच्या शंभर किलोमीटरच्या आत राहायची बंदी, म्हणून '१०१ वा किलोमीटर' हा तिकडे वाक्प्रचारच झाला. तिथे कुंपण वगैरे काही नाही, फक्त एक आकडा. मला हा १०१ प्रकार फार आवडतो (लिहिण्यासाठी!), कारण भिंत बांधायला खर्च येतो, आकड्याला येत नाही.

आणि आपल्याकडे बघायचं तर कुठल्याही मोठ्या हाउसिंग सोसायटीच्या गेटवर सकाळी साडेसहाला जाऊन अर्धा तास उभे राहा. मी राहिलोय. घरकामाच्या ताया येतात, प्रत्येकीचा फोटो निघतो, कुठल्या फ्लॅटला चाललीस, ॲपवर एंट्री, जाताना पिशवी उघडून दाखवायची. तुम्ही-आम्ही गेलो तर वॉचमन सलाम करतो. एकीने मला सांगितलं, पाच घरं करते, सकाळी सात ते दुपारी दोन, पण संडासला जायचं तर खाली वॉचमनच्या केबिनमागे जावं लागतं, पाचही घरांत तीच संडास घासते. हे ऐकल्यावर मी माझी घुमटाची गोष्ट डिलीट केली. म्हणून हा प्रश्न तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा, बाहेरच्याला आत असताना लघवीला लागली तर तो कुठे जातो? याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर तुमचं जग तयार आहे. नसेल तर अजून नाही. मग डबा कुठे बसून खातो, पाणी कुठलं पितो, लिफ्ट कुठली, पाऊस आला तर कुठे थांबतो, हे आपोआप सुचत जातं.

मनगटातल्या चिपबद्दल पण एक. मी ती माझ्या सगळ्या नागरिकांना बसवली होती, श्रीमंत-गरीब सरसकट. प्रत्यक्षात नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटाला जीपीएसची घड्याळं बांधली. सफाई कामगारांच्या. चिप कुणाच्या मनगटात पहिली जाते आणि कुणाच्या शेवटी, ही उतरंड ठरवा म्हणजे दहा पानांचं बॅकग्राउंड लिहायची गरज उरत नाही.

उतरंड म्हटलं म्हणून सांगतो, दोनच कप्पे करू नका. आतले आणि बाहेरचे, संपलं, असं कुठेच नसतं. आपल्या रेशनकार्डातसुद्धा पिवळं, केशरी, पांढरं असे तीन रंग आहेत आणि केशरीवाला पिवळ्याकडे कसा बघतो हे कुठल्याही गावात जाऊन बघा. मधला माणूस गोष्टीसाठी सोन्यासारखा असतो, कारण त्याला वर जायची आशा असते आणि खाली पडायची भीती, त्यामुळे व्यवस्था तोच चालवतो. आणि मधला कप्पा कसा वाटतो हे मी स्वतः अनुभवलंय, तुमच्यातल्या बऱ्याच मुंबईकरांनी पण. १५ ऑगस्ट २०२१ पासून लोकल उघडली, पण फक्त दोन डोस झालेल्यांना, तेही दुसऱ्या डोसनंतर १४ दिवस झाल्यावर. माझा एकच झाला होता, कारण दोन डोसमध्ये ८४ दिवसांचं अंतर होतं आणि माझे भरायचे होते. स्टेशनबाहेर टेबल टाकून पालिकेची माणसं बसलेली, सर्टिफिकेट बघून शिक्का मारायची, शिक्का दाखवला की खिडकीवर महिन्याचा पास. माझा शेजारी शिक्का मारून घेऊन आला आणि त्याच्या चेहऱ्यावर काय आनंद होता, दहावीचा निकाल लागल्यासारखा. मी त्याला मनापासून 'अरे वा' म्हटलं आणि त्याच क्षणी त्याचा रागही आला. मी बसच्या लाइनीत अडीच तास घालवत होतो आणि रोज मोजत होतो, अजून एकवीस दिवस, अजून वीस. व्यवस्थेवर चिडलो का? नाही हो. मी फक्त माझा नंबर लागायची वाट बघत होतो. ही भावना गोष्टीत आली की वाचक आत ओढला जातो.

इथे कोणी गैरसमज करून घेऊ नका, लस वाईट, नियम वाईट असं मी अजिबात म्हणत नाहीये, मी दोन्ही घेतल्या. आजार खराच होता, आणि तेच तर सांगायचंय, तुमच्या डिस्टोपियातलं कारणही खरं असलं पाहिजे. आधी खरं संकट आणा. पाणी संपलंय, साथ आलीय, हवा विषारी झालीय, काहीही, पण ते नाटक निघता कामा नये. शेवटी "सगळं सरकारने रचलं होतं" असा ट्विस्ट टाकलात तर वाचक सुटतो, त्याला वाटतं आपण असतो तर ओळखलं असतं. पुण्यात १८९७ साली प्लेग खराच होता, माणसं मरत होती, आणि तरीही रँडच्या प्लेग कमिटीने घराघरांत सोजीर घुसवून जी तपासणी केली त्याने शहर असं पेटलं की २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. त्या वर्षी केलेला साथरोग कायदा आपल्याकडे मार्च २०२० मध्ये परत लावला, तोच, १८९७ चा. आणि त्याच महिन्यात होम क्वारंटाइनवाल्यांच्या डाव्या हाताच्या मागच्या बाजूला शाईचे शिक्के पडायला लागले. म्हणून भविष्यातला कायदा स्वतः शोधून काढायच्या भानगडीत पडू नका, जुन्याच कपाटात बघा. २०७१ मधल्या तुमच्या शहरात दीडशे-दोनशे वर्षं जुना कायदा लागू असेल तर ते जास्त खरं वाटेल, कारण कायदे मरत नाहीत, झोपतात.

नजर ठेवतं कोण, हा पण एक मोठा घोळ असतो नवीन लिहिणाऱ्यांचा. कॅमेरे, कॅमेरे, कॅमेरे. अहो कॅमेऱ्याचं फुटेज बघायला पण माणूस लागतो आणि तो झोपतो. पूर्व जर्मनीत स्टासीचे, म्हणजे तिथल्या गुप्त पोलिसांचे, १९८९ मध्ये सुमारे ९१ हजार पगारी लोक होते आणि त्याच्या जवळजवळ दुप्पट साधे खबरे, म्हणजे शेजारी, सहकारी, कधी कधी नवरा-बायको. फायली एकाला एक लावल्या तर १११ किलोमीटर, साधारण पुणे ते सातारा. आणि संशयिताच्या अंगाचा वास फडक्यावर घेऊन काचेच्या बरणीत बंद करून ठेवायचे, उद्या कुत्र्याला हुंगायला लागला तर. लोणच्याच्या बरणीसारख्या बरण्या, आणि आत माणसाचा वास! कुठल्याही लेझरपेक्षा ही बरणी भारी आहे. तुमच्या गोष्टीत पण एखादी अशी घरगुती, किळसवाणी, हाताला लागणारी वस्तू पाहिजे.

आपल्या मराठी माणसाला खबरे वेगळे शिकवायला नको, चाळीत वाढलेल्या कुणालाही विचारा. आणि वाळीत टाकणं हा प्रकार तर आपल्याकडे इतका मुरलेला की २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला, तो ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. वाळीत टाकायला पोलीस लागत नाहीत. किराणावाला सामान देत नाही, लग्नाचं आमंत्रण येत नाही, मयताला खांदा द्यायला कोणी येत नाही. भविष्यात टाकायचं तर फार काही बदलायचं नाही, ग्रुपमधून रिमूव्ह झालात की त्याच मिनिटाला तुमच्या घरचं पाण्याचं मीटर बंद, इतकंच. अॅडमिन कोण, तर दुसऱ्या मजल्यावरचे जोशीकाका टाइप कोणीतरी, ज्यांना फावला वेळ खूप आहे.

अजून एक बारीक गोष्ट, बाहेरच्यांना एकमेकांपासूनही तोडा. अंदमानच्या सेल्युलर जेलला सात विंगा होत्या, मध्ये मनोरा, आणि एका विंगेच्या कोठड्यांचं तोंड पुढच्या विंगेच्या पाठीकडे, म्हणजे समोर कोणाचा चेहराच दिसणार नाही. आर्किटेक्चरवर लिहायचं असेल तर असलं काही लिहा, उंच टॉवर आणि निऑन लाइट पुरे झाले आता.

भाषेवर मी सगळ्यात जास्त मेहनत घ्यायला सांगेन. इंग्रजी झोन, सेक्टर, सिटिझन असलं टाकलं की मराठी वाचकाला ते डब केलेल्या पिक्चरसारखं वाटतं. आपल्याकडे सरकारी मराठी नावाचं जे काही आहे ना, त्याच्याइतकी थंड भाषा जगात शोधून सापडणार नाही, तिचा वापर करा. 'तडीपार' बघा, नदीच्या पल्याड टाकलेला, आणि पोलीस कायद्यात दोन वर्षांपर्यंत करता येतो. 'इसम' बघा, माणूस ठाण्यात गेला की इसम होतो. सदरहू, समक्ष, अन्वये, निदर्शनास आले आहे. गोष्ट लिहायच्या आधी त्या जगातली एक नोटीस लिहा, हा माझा नेहमीचा व्यायाम आहे. माझी ही बघा, शंभर वेळा घासलीय:

जाहीर सूचना. सर्व 'ब' वर्ग सहनिवासी यांना कळविण्यात येते की, पूर्व द्वार सकाळी ५.४० ते ६.२५ या वेळेतच खुले राहील. ज्या सहनिवाशांच्या ठशांची पडताळणी सलग तीन वेळा अयशस्वी ठरेल त्यांना ओळख सिद्ध होईपर्यंत अनुपस्थित समजण्यात येईल. अनुपस्थित व्यक्तींनी आपले म्हणणे तक्रार निवारण कक्षात समक्ष मांडावे. कक्ष पूर्व द्वाराच्या आत आहे.

बाहेरच्यांना 'सहनिवासी' म्हटलंय हे लक्षात आलं का? नाव जितकं गोड तितकी भानगड मोठी. आणि शेवटचं वाक्य नोटीस लिहिणाऱ्याने मुद्दाम दुष्टपणे लिहिलेलं नाही, त्याच्या डोक्यातच आलं नाही, असं समजून लिहायचं.

जुगाड विसरू नका. जिथे रजिस्टर तिथे एजंट. आरटीओच्या बाहेर झाडाखाली टेबल टाकून बसलेला माणूस भविष्यातही असणारच, फक्त तो फॉर्म भरण्याऐवजी ठशांचं काम करेल, घासलेल्या अंगठ्यांना रेघा कोरून देईल, हप्त्यावर. त्याचा रेट ठरवा. उधारी चालते का ठरवा. बंडखोरांच्या भुयारी अड्ड्यापेक्षा हा टेबलवाला मला जास्त कामाचा वाटतो, कारण बंडखोर व्यवस्था मोडायला बघतो आणि हा तिच्यावर घर चालवतो, दोन पोरींची लग्नं केलीत त्याने.

शेवटाबद्दल फार बोलत नाही. क्रांती दाखवू नका एवढंच, घुमट फुटला, लोक नाचले, अजिबात नको. कुंपण काढल्यानंतरही पत्त्यात सेटलमेंट राहते हे आपण वर बघितलंच.

तर मी ती गोष्ट नव्याने लिहिली. आता त्यात एक दूधवाली आहे, साठीची, ब वर्ग. रोज पहाटे पूर्व द्वारावर अंगठा लावते, दोन कॅन घेऊन आत जाते, बावीस घरी दूध घालते. एक दिवस अंगठा लागत नाही. तीनदा होतं. अनुपस्थित. ती गेटवरच बसून राहते, दूध उन्हात फाटायला लागतं, आत बावीस घरांत चहा खोळंबलाय, आणि आतल्या एकाही माणसाला तिचं नाव माहीत नाही, त्यामुळे तक्रार कुणाची करायची हे कळत नाही. शेवटी लोक तक्रार करतात ती दुधाची. तेवढीच गोष्ट, सात पानं.

परत त्याच मित्राला दिली. यावेळी त्याने दोनदा वाचली, चहा गार झाला. म्हटलं आता तरी चांगलं म्हणेल. तो म्हणाला, "दूध जमलं. पण एरवी ही संध्याकाळी रिकामे कॅन घेऊन बाहेर जाते तेव्हा तिची झडती कोण घेतं? बाहेर जायच्या रजिस्टरचं काय?"

ते लिहायचं राहिलंच होतं. आता आठवं पान लिहितोय.